शाळेचं गाऱ्हाणं

परब बाई पहिल्याच दिवशी येऊन मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसल्या आणि शिवदास सरांच्या पोटात दुखायला लागलं, ते काही केल्या थांबेना.

आता नेमणूक बाईंची, खुर्ची रिकामी, तेव्हा बाई बसणारच. त्यात वावगं काय ते सरांनाही सांगता आलं नसतं. पण जुने मुख्याध्यापक निवृत्त झाल्यापासून आंबेखोलच्या त्या हायस्कुलाचा कारभार सरच ओढत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी त्या खुर्चीला एकदाही पाठ टेकली नव्हती. शेजारी एक लाकडी खुर्ची मांडून ते सह्या करायचे. हुकूम येऊ दे, मग बसू, म्हणायचे. शिपाई कृष्णनाथ रोज ती मोठी खुर्ची पुसायचा आणि सर तिच्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे. हुकूम आला, पण पेडण्याच्या शीतल परब यांच्या नावाने. वयाने सरांपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. आणि बसताना त्यांनी खुर्चीकडे नीट बघितलंसुद्धा नाही, हे सरांना फार लागलं.

तशी त्या खुर्चीत बसून मिरवण्यासारखी शाळेची दशा नव्हती. खाणी जोरात होत्या तेव्हा मुलं वर्गात मावत नव्हती. खाणी बंद पडल्या, खनिजाचे ट्रक अंगणात गंजत उभे राहिले, सिंधुदुर्गातून आलेली ड्रायव्हरांची बिऱ्हाडं उठून गेली. जे उरले त्यांनी मुलं डिचोलीच्या शाळांत घातली. दहावीचा निकाल असा लागायचा की तो वाचून दाखवायची वेळ आली की सरांना खोकला यायचा. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या दोन शाळा, एक ही आणि एक पेडण्याला. पेडण्याची नीट चाललेली. संस्थेने तिथल्या परब बाईंना दोन वर्षांसाठी इकडे धाडलं. दोन वर्षांत सुधारली तर ठीक, नाहीतर शाळेला कुलूप. आणि दोन वर्षांनी बाईंनी इथेच राहायचं की परत जायचं, ते बाईंनीच ठरवायचं.

बाईंनी काय केलं म्हणाल, तर पहिल्या दिवशी आपली मुलगी तारा हिला बोटाला धरून आणलं आणि आठवीच्या वर्गात बसवलं. बस्स, एवढंच. पण गावात तीच गोष्ट घरोघर झाली, कारण ह्या शाळेत आजवर एकाही शिक्षकाचं पोर शिकलेलं नव्हतं. सरांचा मुलगा गौरेश डिचोलीला शिकला. आता नात सिद्धीही तिथेच जात होती, आणि सर रोज सकाळी तिला रस्त्यावर बसमध्ये बसवून मग आपल्या शाळेची वाट धरायचे. त्यात काही विचित्र आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि तारा दिसल्यावर जे वाटलं त्याचा राग त्यांनी तारावरच काढला. जाता-येता चाळलेल्या तिच्या वहीतल्या भूमितीच्या आकृत्या त्यांना उगाच वाकड्या दिसायला लागल्या.

मग बाई एके दिवशी बालरथात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. ही शाळेची बस डांबरी रस्ता संपला की परत फिरायची. बाईंनी ती चढ चढवून वरच्या वाड्यापर्यंत नेली. रविवारी त्या पालकांच्या घरी जायला लागल्या. मागे पडलेल्या मुलांना देवळाच्या मंडपात बसवून आधी पेडण्याच्या आपल्या बोलीत समजवायच्या, मग पुस्तकातल्या भाषेत. सरांना हे सगळं नाटकी वाटे. ही काय शाळा की भजनी मंडळ, असं ते शिक्षकांच्या खोलीत म्हणाले. कोणी हसलं नाही.

खरा घाव पुढेच होता. दहावीचं गणित म्हणजे सरांची जहागीर. बाईंनी अगदी नम्रपणे त्यांना सांगितलं की दहावी तरुण शिक्षिकेला देऊ, तुम्ही आठवी-नववी घ्या, मुलांचा पाया तिथेच कच्चा राहतो आणि तो तुमच्याशिवाय कोणाला घालता यायचा नाही. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यांनी बायकोला, चंद्रावतीला, सांगितलं की ह्या बाईने मला खालच्या वर्गात उतरवलं. चंद्रावती भात वाढत होती. मुलं नववीतच नापास होतात हे तुम्हीच वर्षानुवर्षं सांगत आला आहात, मग बाई वेगळं काय म्हणाली, असं तिने विचारलं. त्या दिवशी माशाचं हुमण ताटात तसंच राहिलं.

पण शिकवलं मात्र त्यांनी. ईर्ष्येने शिकवलं. ह्या बाईला दाखवतोच, असं म्हणत नववीच्या पोरांना बीजगणित असं घोटून दिलं की पोरं झोपेत समीकरणं सोडवत असतील. पहिल्या वर्षीचा दहावीचा निकाल बरा लागला आणि नवे प्रवेश वाढले. पालकसभेत बाई उठून म्हणाल्या की यंदाचं सोडा, पुढच्या वर्षीचा निकाल बघा, कारण ती नववी शिवदास सरांच्या हाताखालून आली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर मान खाली घालून बसले. त्या टाळ्या त्यांच्यासाठी होत्या, पण सरांना वाटलं, लोक बाईंच्या मोठ्या मनालाच टाळ्या देताहेत. दुसऱ्याने उचलून दिलेलं श्रेय त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्यानंतर त्यांनी बाईंना पाण्यात पाहायला सुरुवात केली. कृष्णनाथ चहा आधी कुठल्या टेबलावर ठेवतो, मुलं ‘गुड मॉर्निंग’ कोणाला मोठ्याने म्हणतात, सगळ्यावर त्यांची नजर. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेरही उंडे मोजता मोजता बाईंचं कौतुक करायचा आणि सर सुटे पैसे शोधायला आत जायचे, ते तो गेल्यावरच बाहेर यायचे.

नवरात्राच्या तोंडावर गौरेश जेवता जेवता म्हणाला, "बाबा, येत्या वर्सा सिद्धीक हांगाच घालूया म्हणतां. परब बायकडे."

सरांचा घास हातातच राहिला. ह्याच शाळेत बाप जन्मभर शिकवत होता, तेव्हा मुलाच्या मनात असं कधी आलं नाही. आणि आता आलं ते ‘बाबांकडे’ असं नाही आलं, ‘परब बायकडे’ असं आलं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट.

शाळेत सरस्वतीपूजन असतं. गाव जमतो, मुलं आरत्या म्हणतात, गूळखोबऱ्याचे फोव, म्हणजे पोहे, वाटतात. पण त्याआधी गाऱ्हाणं घालायचं. देवीसमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार द्यायचा. हा मान सरांच्या घराण्याचा. सरांचे वडील ग्रामदेवी सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे, त्यांच्यामागे सर. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ह्या एका गोष्टीत परब बाई त्यांच्या पासंगाला पुरणार नव्हत्या, आणि म्हणूनच सरांनी हत्यार उचललं ते हेच.

"बा देवी सातेरी, बा रवळनाथा," सरांनी सुरुवात केली, "आज ह्या शाळेच्या पोरांनी तुझी सेवा मांडली हा, ती मानून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

मुलांना बुद्धी मागून झाली, गावाला सुख मागून झालं. चुकलंमाकलं पोटात घाल म्हणून झालं. मग सरांनी आवाज थोडा मऊ केला.

"आमच्या परब बाय आपला घरदार सोडून ह्या गावात रवल्यो. शाळेक ऊर्जित हाडल्यानी. आता तेंका मानान, सुखान, तेंच्या गावाक, तेंच्या माणसांत परत घेवन जा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव एका तोंडाने म्हणाला. गाऱ्हाण्यात कोण शब्द निवडत बसतो? सूर पडला की तोंडातून होकार निघतोच. लोकांना वाटलं, सर बाईंचं भलंच मागताहेत. बाई डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. त्याही सगळ्यांबरोबर ‘व्हय’ म्हणाल्या, आणि मग त्यांनी डोळे उघडले.

रात्री चंद्रावतीने देवापुढची समई शांत केली आणि म्हणाली, "आज एक मागणा गाळल्यात."

कुठलं, असं सरांनी विचारलं खरं, पण तिच्याकडे न बघता. तुम्हाला माहीत आहे कुठलं ते, असं म्हणून ती आत गेली. प्रत्येक गाऱ्हाण्यात शेवटी एक मागणं असतंच. ह्या शाळेचं कोण वाईट चिंतीत असेल तर त्याचं तू बघून घे. वडिलांनी कधी चुकवलं नव्हतं, सरांनी कधी चुकवलं नव्हतं. आज मात्र ते ओठांवर आलं आणि सरांनी गिळलं.

दहावीची परीक्षा जवळ आली तेव्हा बाईंनी सरांना एकटं बोलावून घेतलं. मी इथेच राहायचं ठरवलं होतं, त्या म्हणाल्या, संस्थेला तसं कळवणारही होते. नवऱ्याची तयारी होती, तारा तर इथे रमलीच होती. पण गाऱ्हाणं पडलं आणि आपण स्वतः देवीसमोर ‘व्हय’ म्हणून बसलो. पेडण्याला आमच्या घरात देवासमोर दिलेला शब्द मोडत नाहीत. सासूबाई रोज फोनवर तेच सांगतात.

"दुसरा गाऱ्हाणा घालून मोकळीक मागूक येता, असा सासूबाय म्हणतत," बाई म्हणाल्या. "पण ज्येनी घातला, तेच्याच तोंडान व्हया. तुमी घालश्यात, सर?"

त्यांच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या, आणि खरोखर राहू बघत होत्या. सरांना आठवलं, वडिलांनी अशी कितीतरी गाऱ्हाणी फिरवून घातली होती. मुंबईला गेलेल्या मुलाला घरी आण म्हणून मागितलेलं, मुलाला तिथे चांगली नोकरी लागल्यावर मागे घेतलेलं. एक नारळ ठेवायचा, चार शब्द बोलायचे. ‘घालतो’ एवढं म्हणायचा अवकाश होता. बाईंच्या मागे ती मोठी खुर्ची होती.

"एकदा घातलेला गाऱ्हाणा फिरवूक येना, बाय," सर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. देवाधर्मातलं त्यांच्यापेक्षा सरांना अधिक कळत होतं, त्यामुळे वाद घालण्याचा प्रश्नच नव्हता.

परीक्षा आटोपल्यावर बाई गेल्या. मुलं रडली, बायकांनी ओट्या भरल्या, बालरथाचा ड्रायव्हर त्यांना सामानासकट पेडण्याला पोचवून आला. यंदा हुकूम सरांच्या नावाने आला. कृष्णनाथाने खुर्ची पुसली आणि सर बसले. चांगली रुंद खुर्ची होती. टेकायला थोडी मागे पडत होती, एवढंच. टेबलाच्या काचेखाली ताराने काढलेलं सातेरीच्या देवळाचं चित्र राहून गेलं होतं. सरांनी ते काढून खणात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खण उघडायचं टाळलं.

आता शाळा एप्रिललाच सुरू होतात. पहिल्या दिवशी सर पहाटेच उठले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सिद्धीला हाक मारली. आज आजोबांबरोबर जायचं, मुख्याध्यापकांची नात म्हणून. सिद्धी बाहेर आली ती डिचोलीच्या शाळेच्या गणवेशात.

सरांनी गौरेशकडे पाहिलं. तो स्कूटर पुसत होता.

"बाय गेली न्हय, बाबा," तो सहज म्हणाला. "आता आसूं दी तिका थंयच."

पण मी आहे ना, असं सर म्हणाले.

गौरेशने फडका झटकला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "तुमी म्हज्या वेळारय आसलात मरे. म्हाका तुमीच डिचोलीक घाल्लो."

सिद्धी मागे बसली आणि स्कूटर निघून गेली. सर वहाणा घालून अंगणात उभे राहिले. त्यांना परब बाईंचा हेवा वाटत होता, पहिल्यापेक्षाही अधिक. आता बाई समोर नव्हत्या, खुर्ची त्यांच्याकडे होती, शाळा त्यांच्याकडे होती, आणि तरी सगळं बाईंकडेच गेलं होतं.

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला. त्या नववीतून आलेली सगळी मुलं पास झाली. गाव आनंदला आणि लोकांनी आधी पेडण्याला फोन लावले. वरच्या वाड्यातल्या काहींनी आठवीची मुलं डिचोलीला न्यायला सुरुवात केली होती. बालरथ अर्धा रिकामा चढ चढायचा.

नवरात्र आलं, सरस्वती मांडली. यंदा फोवांची पातेली लहान होती. सर देवीसमोर उभे राहिले. आवाज तोच होता, अंगावर काटा आणणारा. सेवा मानून घे म्हणून झालं, मुलांना बुद्धी दे म्हणून झालं. गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. मग सर थांबले.

लोकांना वाटलं, सरांचा श्वास लागला. चंद्रावती बायकांच्या रांगेत उभी होती. हात जोडलेले, डोळे मात्र देवीकडे नव्हते, सरांकडे होते. मागच्या वर्षी गिळलेलं मागणं आता घशात येऊन बसलं होतं. पुन्हा गिळलं असतं तरी दुसऱ्या कोणाला कळलं नसतं.

"ह्या शाळेचा," सर म्हणाले, आणि पुढचं बोलायला त्यांना फार जोर लावावा लागला, "ह्या शाळेचा कोण वायट चिंतीत आसात, तर तेका तू सोडू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. शिक्षक म्हणाले, कृष्णनाथ म्हणाला, मुलं तर ओरडूनच म्हणाली. सगळ्यांचा आवाज विरल्यावर चंद्रावतीचा ‘व्हय’ एकटा, सावकाश, स्पष्ट ऐकू आला.