एकाच दरवाजाचा सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा. कुठल्या घराचा, असं विचाराल तर एकाही घराचा नाही. खोक्यांच्या फळ्या जोडून सुताराने मला एका दिवसात उभा केला, तो एका विनोदी सिनेमासाठी. सागवानी दरवाजांना नाकं मुरडायची तर खुशाल मुरडू देत. त्यांनी जन्मभर एकच घर राखलं. मी एका सिनेमात घरही झालो आणि कचेरीही.

त्याचं असं झालं, की दुसऱ्या दरवाजापुरतं लाकूडच नव्हतं. मग माझी एक बाजू हिरवी रंगवली, दुसरी तपकिरी. हिरवी बाजू कॅमेऱ्याकडे असली की मी कारकुनाच्या घराचा, उलटा बसवला की साहेबाच्या खोलीचा. वर पत्र्याची शेड, खाली तीन भिंती, चौथ्या बाजूला कॅमेरा. एवढाच आमचा संसार.

सिनेमाची गोष्टही बेताचीच. एक कारकून आजारी असल्याची थाप मारून घरी बसतो आणि साहेब त्याला बघायला येतो. कारकुनाचं काम एका म्हाताऱ्या नटाला दिलं होतं. त्याला सगळे मामा म्हणत. एकेकाळी नाटकात हा माणूस तासन्‌तास बोलायचा आणि लोक हसून हसून खुर्चीतून घसरायचे.

डायरेक्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मामा, रीळ मोजकं आहे. एक प्रसंग एकदाच. अडखळलात तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"मी? आणि अडखळणार?" मामा हसला.

त्याची बायको हसली नाही. ती रोज डबा घेऊन यायची, तिला सगळे मामी म्हणत. घरात काय चाललंय ते तिलाच ठाऊक होतं. सकाळी बोललेलं मामाला दुपारी आठवत नव्हतं. हे काम हातचं गेलं असतं, तर पुन्हा कोणी त्याला बोलावलं नसतं. घरी बसवला तर हा माणूस आठ दिवसांत मिटून जाईल, हे ती जाणून होती.

म्हणून मामी सगळ्यांच्या आधी यायची आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या माझ्या पाठीवर खडूने मामाची वाक्यं लिहायची. शाळा चारच इयत्ता, अक्षर भोपळ्याएवढं, पण दुरून वाचता येईल असं. प्रसंग सुरू झाला की मामा मला किलकिला करायचा, डोकं बाहेर घालून एक ओळ वाचायचा, डोकं आत घ्यायचा आणि बोलायचा. पुन्हा डोकं बाहेर, पुन्हा आत. लोकांना वाटे, साहेब आला की काय म्हणून कारकून घाबरून डोकावतोय. कॅमेरावाल्याला हसू आवरेना.

"वा मामा, हे डोकावणं कुठून काढलंत?" डायरेक्टर म्हणाला.

"अनुभव आहे त्यांना," मामीने परस्पर उत्तर दिलं. "आयुष्यभर मी घरात आहे की नाही ते असंच बघत आलेत."

घरातले प्रसंग उरकले. शेवटच्या दिवशी साहेबापुढे माफी मागण्याचा एकच प्रसंग उरला आणि रीळही तेवढंच. मामीने सकाळी माझ्या तपकिरी पाठीवर माफी लिहिली आणि चहाला गेली. आता कचेरी दाखवायची, म्हणजे मला उलटा बसवणार, हे काही तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि खडूचं गुपित तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सुताराने मला फिरवला, तर ती भोपळ्याएवढी अक्षरं कॅमेऱ्यासमोर! कोणीतरी गंमत केली असेल म्हणून त्याने ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकलं.

कॅमेरा सुरू झाला. मामाने डोकं बाहेर घातलं. हिरवागार कोरडा रंग. डोकं आत. पुन्हा बाहेर. काही नाही. तिसऱ्यांदाही कोरंच. आणि मित्रांनो, मी तर साधं करकरलोसुद्धा नाही, करणार काय?

शेवटी त्याने मला सताड उघडलं. पलीकडे मामी, हातात चहाची कपबशी.

"अगं, मी काय म्हणणार होतो?"

मामीने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "थाप लक्षात ठेवावी लागते. खऱ्याला पाठांतर नको."

मामा वळला आणि साहेबाला म्हणाला, "साहेब, मी आजारी नव्हतो. मला नुसतं घरी हिच्याजवळ बसायचं होतं."

रीळ संपलं.

"गोष्टीत बायको नव्हती," डायरेक्टर कसाबसा म्हणाला.

"आता आहे," मामी म्हणाली. "चहा गार होतोय त्यांचा."

दारावरची खडूची अक्षरं आपण फडक्याने पुसली, असं सुतार बोलला, तेव्हा डायरेक्टरला सगळं उमगलं. त्याने माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "राहू दे हेच."

सिनेमा तयार झाल्यावर त्याच शेडमध्ये भर दुपारी खिडक्या झाकून, चादरीवर दाखवला. मी कोपऱ्यात टेकून उभा होतो. सगळ्यात मोठ्याने मामा हसला, कारण पुढे काय होणार ते त्याला आठवतच नव्हतं. मामी हसत नव्हती. तिचे ओठ प्रत्येक वाक्याला हलत होते.

नंतर माझा रंग उडाला, वाळवी लागली, कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. त्याची तक्रार नाही. तुमच्या घरात कोणी विसरायला लागलं, तर मात्र माझं एक ऐका. त्याला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेऊ नका. दारं त्यासाठी केलेली नसतात. पलीकडे उभे राहा, आणि त्याने उघडलं की समोर दिसा.