छत्तिसावा फोटो

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक कॅरम बोर्ड आहे, पण पलंगाएवढा मोठा. त्यावर हिरवं कापड ताणून बसवलंय. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, अशी सहा भोकं. सोंगट्यांच्या जागी लिंबापेक्षा मोठे, गुळगुळीत, रंगीत बॉल. टिचकी मारायची नाही. तुमच्या उंचीची एक काठी घेऊन पांढऱ्या बॉलला ढोसायचं, आणि त्यानं जाऊन दुसऱ्याला भोकात ढकलायचं. एका खेळाडूचे सात बॉल एकरंगी, दुसऱ्याचे सात पट्टेवाले. आपले सात संपले की मग काळा. तो ज्यानं घातला तो जिंकला. या खेळाला पूल म्हणतात.

आलं ध्यानात? आता त्या टेबलापाशी बारा वर्षांची एक मुलगी उभी करा. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि एक पाय सारखा जमिनीवर टकटक करतोय. ही निरगुडसरची अक्षदा. साल दोन हजार तीन, एप्रिलची एकोणतीस तारीख, दुपारचे साडेतीन.

टेबल होतं कळंबला, हमरस्त्याच्या कडेला ग्रामपंचायतीच्या एका गाळ्यात. ते तिच्या मामाचं, सुदर्शनमामाचं. नाशिकच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून त्यानं ते टेम्पोत घालून आणलं होतं. परीक्षा संपली की अक्षदा मामाकडे यायची आणि सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी एकटीच खेळत बसायची. आधी तिला स्टुलावर उभं राहावं लागे. यंदा स्टूल लागलं नव्हतं.

गावात मात्र या गाळ्याबद्दल बरं बोललं जात नव्हतं. तिथं पोरं वाया जातात, जुगार चालतो, असं पारावर रोज निघायचं. जुगार नव्हता, पण गाळा पंचायतीचा, आणि एक मेच्या ग्रामसभेत तो काढून घ्यायचा विषय मांडला जाणार होता. गाळा गेला की टेबल विकावं लागणार, हे मामानं घरात सांगितलं होतं. अक्षदानं ते जेवता जेवता ऐकलं आणि भाकरीचा तुकडा कितीतरी वेळ नुसता कालवणात बुडवत बसली.

म्हणून मामानं ही स्पर्धा घेतली. भिंतीवर पुठ्ठा टांगला. शर्ट खोचलेला पाहिजे, गुटखा बाहेर थुंकून यायचं, शिवी दिली तर घरी जायचं. पेपरसाठी प्रत्येकानं फोटो द्यायचा आणि हरला तरी बक्षीस समारंभाला थांबायचं. सगळ्यांत खाली, जाड अक्षरात: पंच नाही, आपली चूक आपण सांगायची. कारण पंच नेमला की पंचावरूनच भांडणं होतात, हा कळंबचा क्रिकेटमधला जुना अनुभव होता.

चूक म्हणजे काय, तेही लिहिलं होतं. काठीच्या टोकाशिवाय दुसरं काही, बोट म्हणा, बाही म्हणा, कुठल्याही बॉलला लागलं की चूक. मग पांढरा बॉल उचलून समोरच्याच्या हातात द्यायचा. तो त्याला हवा तिथे ठेवून खेळणार. पण हे पुढचा फटका मारायच्या आत सांगायचं. फटका मारला की मागचं गेलं.

अंतिम सामन्यात अक्षदासमोर होता भागू. घोडेगावच्या वर, डोंगरातल्या वाडीवरचा विशीतला मुलगा. भाताचं काम आटोपलं की पुण्याला एका हॉटेलात कामाला जायचा, तिथल्या टेबलावर, मालकाची पाठ फिरली की खेळून, तो हे शिकला होता. आज पहाटेच्या एसटीनं तो उतरला तो नवा कोरा पांढरा शर्ट घालून. खोक्यातल्या घड्या अजून शर्टावर उठून दिसत होत्या. “पावणं, घडी तरी मोडायची,” कुणीतरी म्हणालं, आणि तोही हसला. शर्ट फोटोसाठी आणला होता. आईनं सांगितलं होतं, पेपरात येणार तर नीट ये.

पण फोटोची गोष्ट वेगळीच झाली. वार्ताहर सावळेराम हाच लग्नांचे फोटो काढायचा. त्याची रीत अशी, की अंतिम सामन्याच्या आधीच दोघांचेही कप हातात घेऊन एकेक फोटो काढायचे आणि रोल, बातमीसकट, तीनच्या एसटीनं कंडक्टरच्या हाती पुण्याला धाडायचा. मागाहून बूथवरून फोन करून सांगायचं, अमुक जिंकला, त्याचा छापा. नाहीतर रोल वेळेत पोचत नसे. आज त्याच्या रोलमधले पस्तीस फोटो आदल्या दिवशीच्या लग्नात संपले होते. उरला होता छत्तिसावा. मामानं अक्षदाच्या हातात कप दिला, सावळेरामनं बटण दाबलं, आणि रोल आपोआप घरघरत मागे फिरला. दुसरा रोल मंचरला मिळाला असता, पण एसटी थांबली नसती. सावळेराम भागूला म्हणाला, पुढच्या वेळी तुझा. भागूनं मान हलवली आणि कॉलर नीट केली, जणू फोटो अजून निघायचाच आहे.

बातमीतही सावळेरामनं अक्षदाचंच नाव जिंकली म्हणून घातलं. काही बदललं तर सातच्या आत फोन करीन, असं तो मामाला म्हणाला. मामा अक्षदाजवळ वाकला.

“उद्या पेपरात शाळकरी पोरीचा फोटो आला, तर परवा सभेत कोण काय बोलंल? लई मोठं काम व्हईल बघ.”

तेव्हापासून तिचा पाय थांबत नव्हता.

सामना अटीतटीचा झाला. भागूचा एकच पट्टेवाला उरला होता, अक्षदाचाही एकच, निळा. काळा बॉल कोपऱ्याजवळ, भागूच्या पट्टेवाल्याच्या आड दबून बसला होता. निळा गेला असता, पण मग काळ्याला वाट नव्हती. अक्षदा टेबलावर पुरती ओणवी झाली, टाचा उचलल्या, फटका मारला. निळा लांबच्या भोकात पडला. सगळ्या माना तिकडे वळल्या, टाळ्या पडल्या. आणि ती सरळ होत असताना तिच्या डाव्या वेणीची रिबीन, सुटत आलेली, काळ्या बॉलवरून घासत गेली. बॉल दोन बोटं सरकला. पट्टेवाल्याच्या आडून बाहेर आला, भोकासमोर, उघडा.

कुणी पाहिलं नाही. भागू काठीचं टोक घसरू नये म्हणून त्याला खडू लावत खाली बघत होता.

अक्षदानं तोंड उघडलं, आणि वीज गेली.

गाळ्याला खिडकी नव्हती. टेबलावरचा दिवा विझला, पंखा फिरून फिरून थांबला. रोजची भारनियमनाची वेळ पाचची, आज आधीच गेली. मामा जनरेटर आणायला शेजारच्या गॅरेजकडे धावला. जाता जाता त्यानं सांगितलं, कुणी टेबलाला हात लावू नका, आणि अक्षदा, पाणी पी, काळाच राहिलाय फक्त.

ती पाणी प्यायली आणि दाराशी आली. सावळेराम उंबऱ्यावर वारा घेत बसला होता. तिनं विचारलं, रोल गेला का? तो म्हणाला, केव्हाच, एव्हाना राजगुरुनगर ओलांडलं असेल. भागूदादा जिंकला तर काय करणार? फोन करीन, तो म्हणाला. पण फोटो नाही म्हटल्यावर दोन ओळी येतील तर येतील. मग तिच्याकडे बघून हसला. “तू कशाला काळजी करती? घाल काळा.”

ती परत आत आली. पुन्हा दाराशी गेली. पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ अंधारातही तिला पाठ होती. तिनं स्वतःला सांगून पाहिलं, की रिबीन लागली नसेल, वाऱ्यानं हलला असेल. पण पंखा बॉल हलवत नाही, हे तिला माहीत होतं. मग सांगून पाहिलं, की टेबलच गेलं तर खरंखोटं कुठं खेळायचं? ती रिबीन बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली.

भागू भिंतीला टेकून बसला होता. अक्षदा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. सकाळी उपांत्य सामन्यात त्यानं स्वतःहून सांगितलं होतं, माझी बाही बॉलला लागली, आणि पांढरा बॉल मंचरच्या खेळाडूच्या हातात ठेवला होता. लोक हसले होते. राव, हा तर स्वतःचीच फिर्याद करतोय, असं कुणी म्हणालं होतं. तो सामना तो कसाबसा जिंकला होता.

“भागूदादा, सकाळी तुमी का सांगितलं? कुणीच बघितलं नव्हतं.”

भागूनं शर्टाच्या बाहीवरचा खडू झटकला.

“मी बघितलं व्हतं की.”

एवढंच बोलून तो बाहेर पाहू लागला. त्याला काही कळलं होतं की नाही, ते त्याच्या तोंडावरून समजत नव्हतं.

बाहेर जनरेटर दोनदा गुरगुरून बंद पडला. तिसऱ्यांदा धडधडायला लागला. दिवा पिवळा पेटला, मग पांढरा झाला. लोक पुन्हा टेबलाभोवती दाटले. मामा घाम पुसत आत आला, काळा बॉल भोकासमोर उघडा पाहिला, आणि त्याचा चेहरा फुलला. आधी तो कुठं होता, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. कोपऱ्यात खुर्चीवर कप ठेवला होता. त्याच्यावर दिवा चमकत होता.

“घाल, बाळा,” मामा म्हणाला.

अक्षदानं काठी भिंतीला उभी केली. टेबलावर वाकून तिनं दोन्ही हातांनी पांढरा बॉल उचलला. तो तिला वाटला होता त्याहून जड लागला. लोकांमधून वाट काढत ती टेबलाला वळसा घालून भागूपर्यंत गेली.

“काळ्याला माझी रिबीन लागली,” ती म्हणाली, मामालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “वीज जायच्या आधी.”

आणि तिनं बॉल भागूच्या हातात ठेवला. मग दोन्ही रिबिनी सोडल्या, त्यांची घडी करून मुठीत धरली, आणि स्टूल ओढून त्याचा फटका बघायला बसली.