महाराजांचे आण्णा झाले

माझ्या पानांना हळदीचा वास येतो, म्हणून मला पोथी समजून हात जोडू नका, मित्रांनो. मी 'उफराटा दरबार' नावाच्या गमतीदार पुस्तकमालेचा दुसरा भाग आहे. भाग एकूण पाच. पहिल्या भागाचे आणि माझे फारसे पटत नाही, कारण दुकानात सगळे आधी त्यालाच उचलतात.

माझ्या पोटात एक अख्खे राज्य आहे. तिथे तीन डोक्यांचा एक राक्षस कचेरीत कारकून आहे. त्याला रजा हवी असली की स्वतःच्याच तिन्ही डोक्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. दोन डोकी लगेच तयार होतात आणि तिसरे म्हणते, उद्या या. तिथला राजा तर फारच मानी. न विचारता गडगडले म्हणून त्याने ढगांना अटक केली होती आणि सावलीने मालकाच्या पुढे चालू नये असा कायदा काढला होता. माझ्या लेखकाला हे सगळे सरकारी कचेरीत खेटे घालताना सुचले, असे छापखान्यातले लोक बोलत.

त्या छापखान्यात ओल्या शाईत माझा जन्म झाला. शिवण झाली, खळ लागली, कडा कापून निघाल्या आणि मी औंधजवळच्या एका गावच्या वाचनालयात जाऊन बसलो. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. वाचणारे गालातल्या गालात हसत, फार झाले तर नाकातून एक फुसकारा सोडत. माणसे एवढीच हसतात, असा माझा समज झाला. मीही तेवढ्यावर समाधान मानले.

पुढे वाचणारे कमी झाले. कपाटाला कुलूप लागले, शेजारच्या चरित्रग्रंथाला वाळवीने पोखरले आणि माझी पाठ ओलीने सुटत आली. एके दिवशी वाचनालयच बंद पडले. आम्हाला पोत्यात भरले आणि फिरत फिरत मी सांगलीच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या हातगाड्यावर येऊन पडलो. त्या दिवसांत मला फार एकटे वाटे. तिथून मला अंजनाने उचलले.

अंजना हळदीच्या वखारीत कामाला होती. वाळलेल्या हळदीतून हळकुंडे एकीकडे आणि गड्डे एकीकडे करायचे, हे तिथल्या बायकांचे काम. तिच्या आणि तिच्या सासूच्या पोटाला आधार होता तो या मजुरीचाच. वाचायची मात्र तिला भारी हौस. दुपारच्या सुट्टीत तिने मला उघडून दोन ओळी मोठ्याने वाचल्या आणि बाकीच्या बायका म्हणाल्या, "थांबू नगंस बाई. तुझ्या वाटणीची हळद आमी निवडतो, तू वाच." असा ठराव झाला. रोज अंजनाच्या पुढचा ढीग चौघीजणी वाटून घेत आणि ती वखारीच्या दाराशी उजेडात बसून वाचत असे.

पहिल्याच दिवशी एक अडचण आली. माझ्यात राजाला सगळे 'महाराज' म्हणतात. अंजनाने "महाराज रागाने लाल झाले" असे वाचले आणि चंदनाक्कांनी हातातले सूप खाली ठेवले. चंदनाक्का जैन, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "हे बग अंजना, आमच्यात महाराज म्हंजे मुनिमहाराज. त्यांच्या नावानं खिदळायचं? पाप लागंल. दुसरं कायतरी म्हण."

"मग काय म्हणू?"

"मोट्या माणसाला काय म्हणतो आपण? आण्णा म्हण."

झाले! माझ्या लेखकाला न विचारताच त्या दिवसापासून माझ्यातल्या महाराजांचे आण्णा झाले. मला आधी राग आला. मग त्या बायका हसल्या आणि मित्रांनो, मी थक्क झालो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत, पोट धरून हसल्या. इतकी वर्षे हे सगळे माझ्याच पोटात होते आणि मलाच ठाऊक नव्हते! त्यांच्यातल्या पूजाचा नवरा ऋषिराज विट्याचा. तो दूर मदुराईत गलाईच्या, म्हणजे सोने गाळून शुद्ध करायच्या दुकानात होता. पूजा त्याला फोनवर वाचनाचा आवाज पाठवायची. तिकडून उत्तर यायचे, "दुकानातली सगळी वाट बगत्यात. त्या राक्षसाला रजा मिळाली का न्हाई?" चंदनाक्का म्हणत, "मिळंल कशी? तिसरं डोस्कं त्याच्या सासूवर गेलंय." असली गोष्ट माझ्यात कुठेच लिहिलेली नाही. तरी ती खरी वाटायची आणि मी ऐकत राहायचो.

आता खरी मेख ऐका. वखारीचे मालक वर्धमानशेठ यांनाही सगळे आण्णाच म्हणत. हे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण त्या भागात घरटी एक आण्णा असतोच. हे आण्णा मनाने वाईट नव्हते, पण त्यांना पाट्या लावायचा नाद होता. 'पोत्यावर बसू नये', 'दारात उभे राहू नये', 'मोठ्याने बोलू नये' अशा पाट्यांनी वखारीच्या भिंती भरल्या होत्या.

एका दुपारी अंजना रंगात येऊन वाचत होती, "आण्णांनी हुकूम काढला. यापुढे हसणाऱ्याने आधी कारण सांगावे, मंजुरी घ्यावी, मगच हसावे."

बायका हसून लोटपोट झाल्या. नेमके त्याच वेळी वर्धमानआण्णा दारात आले. त्यांनी आपले नाव ऐकले होते. ते लालबुंद होऊन म्हणाले, "काय झालं एवढं हसायला? आधी कारण सांगा!"

आता सांगा, कुणाला आवरेल? पूजा तोंडात पदर कोंबून खाली बसली. चंदनाक्का भिंतीकडे वळल्या, तरी त्यांची पाठ हलत होती. आण्णांना वाटले, आपल्या तोंडावर आपलीच टिंगल चालली आहे.

"आवं आण्णा, तुमाला न्हाई ओ," अंजना कशीबशी म्हणाली. "पुस्तकात हाय."

"माझं नाव पुस्तकात? आण ते हिकडं. आणि तू उद्यापासनं येऊ नगंस."

हसू जागच्या जागी थांबले. अंजनाने मला त्यांच्या हातात दिले. ती डबा उचलून निघून गेली. माझ्यातल्या एका बदललेल्या शब्दापायी तिची चूल बंद व्हायची वेळ आली होती. मित्रांनो, मला तेव्हा जन्माला आल्याचीच लाज वाटली.

आण्णांनी मला घरी नेले आणि चष्मा चढवून पुरावा शोधायला बसले. एकेका ओळीवरून बोट फिरत होते. आण्णा हे नाव कुठेच सापडेना. सापडत होते ते महाराज. शोधता शोधता ते ढगांच्या अटकेपाशी आले आणि त्यांचे बोट थांबले. मग तीन डोकी आली. मग आण्णांच्या खांद्यांना गचके बसू लागले. आतून त्यांच्या बायकोने, ब्राह्मीकाकूंनी हाक मारली, "अवो, जेवून घ्या, दिवस मावळायला आला." आण्णाही जैन, त्यांनी आयुष्यात कधी दिवस बुडाल्यावर घास खाल्ला नव्हता. "आलो, आलो," म्हणत ते पान उलटत राहिले आणि दिवस बुडाला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "जाऊ दे, आज उपास," आण्णा म्हणाले. माझ्यासाठी कुणी उपाशी राहील, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

मग तो हुकूम आला. 'हसणाऱ्याने आधी कारण सांगावे.' आण्णांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते हसले नाहीत.

सकाळी ते मला घेऊन वखारीत आले. बायका मान खाली घालून हळद निवडत होत्या. अंजनाला बोलवायला आण्णांनी पूजाला पाठवले. अंजना आली ती अंग चोरूनच. आण्णा 'पोत्यावर बसू नये' या पाटीखालीच एका पोत्यावर बसले आणि त्यांनी मला तिच्यापुढे धरले.

"वाच. काल जितं थांबलीस, तितनं."

अंजनाने पान काढले. या वेळी तिने अक्षर न् अक्षर जसे छापले आहे तसे वाचले. "महाराजांनी हुकूम काढला. यापुढे हसणाऱ्याने आधी कारण सांगावे..." कुणाच्या ओठाची कडसुद्धा हलली नाही. इतका विनोद पोटात घेऊन मी तिच्या हातात नुसता कागद होऊन पडलो होतो.

"काल आण्णा व्हतं न्हवं?" आण्णांनी विचारले.

चंदनाक्का पुढे झाल्या. "मीच सांगितलं हिला, आण्णा. महाराजांना हसायचं न्हाई म्हणून. तुमचं नाव आमच्या मनात बी न्हवतं."

आण्णा म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. महाराजांना हसायचं न्हाई. आण्णाला हसा. वाच अंजना, आण्णा म्हण. आणि रोज येत जा."

अंजनाने पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवले. "आण्णांनी हुकूम काढला..."

चंदनाक्कांनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "आण्णा, कारण सांगू, का आधी हसू?"

आण्णा स्वतःच हसत हसत पोत्यावरून घसरले.

मित्रांनो, आता माझी पाठ दोऱ्याने बांधलेली आहे आणि माझ्या प्रत्येक पानावर पिवळी बोटे उमटली आहेत. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या कपाटात माझ्यासारखा कुणी गप्प बसला असेल, तर त्याला बाहेर काढा आणि मोठ्याने वाचा. माझ्यातल्या राजाला तुमच्या घरातल्या कुणाचेही नाव द्या, मी रागावणार नाही. फक्त ज्याचे नाव द्याल, त्याला ऐकायला शेजारी बसवा.