वेगळं पातेलं

नारायणगावच्या रस्त्यात टोमॅटोच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या, म्हणून जीप उशिरा सुटली आणि चेतनाबाई शाळेत पोचल्या तेव्हा मधली सुट्टी झाली होती. एरवी त्या सकाळी लवकर येत. केंद्रप्रमुख म्हणून आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम. पोरांचं वाचन ऐकायचं, फळ्यावरचं गणित पाहायचं, कोठीतल्या तांदळाला कीड लागली नाही ना ते बघायचं. खिचडी चुलीवरून उतरली की मुख्याध्यापक कुंडलिक गुरुजी बशीत घासभर आणून देत. बाई हात जोडून नको म्हणत आणि पोरं जेवायला बसायच्या आत निघत. चव पाहणं हाही तपासणीचाच भाग होता, पण तो त्यांनी गुरुजींवर सोपवला होता.

आज त्यांनी पहिल्यांदाच इथली पंगत पाहिली.

व्हरांड्यात बौद्धवस्तीतली सात-आठ पोरं ताटल्या घेऊन बसली होती. बाकीची सगळी पलीकडे लिंबाखाली, घरून आणलेले डबे उघडून. मधल्या मोकळ्या जागेत, भरलेल्या पातेल्यापाशी, त्याच वस्तीतल्या, स्वयंपाकाच्या जानकाबाई पळी हातात धरून उभ्या होत्या.

"हे काय, गुरुजी?"

कुंडलिक गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. "पोरं घरचं आणतात, मॅडम. आवड असते एकेकाची."

"सगळ्यांची एकदम?"

गुरुजी काही बोलायच्या आत फाटकातून गेणभाऊ आले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. नात मोनाली डबा टाकून "आजा!" म्हणत त्यांच्याकडे धावली.

"या मॅडम, या! बरं झालं तुमीच भेटल्या. त्ये खिचडीचं मिटवायचं व्हतं. पोरं खात न्हाईत, सरकारचा माल वाया जातोय. दुसरी बाई बघावी म्हन्तो. लंकाबाई तयार हाये. समितीचं झालंय, तुमचा तेवढा शेरा पायजे."

"जानकाबाईंच्या कामात काही खोट आहे?"

"कामात न्हाई वो. काम लई चांगलं."

"मग जातीवरून काढताय. तसं काढता येत नाही, गेणभाऊ. गुन्हा आहे तो."

"जातीचं नाव कोनी काढलं?" गेणभाऊ हसले. त्या हसण्यात राग नव्हता, आपलेपणा होता, आणि चेतनाबाईंना त्याचीच भीती वाटली. "तुमीबी कदी खाल्लं न्हाई मॅडम हिच्या हातचं. पानी सुदिक घरनं बाटलीत आनता. आमी बोललो का? मोठ्या घरच्या बाई, आमी समजून घेतलं. पयल्या वर्सी निम्मी पोरं खात व्हती. मंग बाया म्हनाय लागल्या, तपासायला येनारी बाईच खात न्हाई, तर आपल्या पोरांनी का खावं?"

चेतनाबाईंना कानशिलं तापल्यासारखी वाटली. "मी कांदा-लसूण खात नाही. आम्ही जैन आहोत. पाणी उकळून गाळून पितो. त्याचा जानकाबाईंशी काय संबंध?"

"आसंल की," गेणभाऊ म्हणाले. "पर त्ये आमाला कसं कळावं?"

ते खरं होतं. हात जोडून नको म्हणताना कारण सांगावं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. लोकांनी फक्त नकार पाहिला आणि सोयीचा अर्थ काढला. पूर्वी त्या विज्ञान शिकवत, तेव्हा प्रयोगशाळेत एवढ्या तुटपुंज्या निरीक्षणावर कुणी निष्कर्ष काढला असता तर त्यांनी वही परत केली असती. इथे त्यावर एका बाईचं काम जायची वेळ आली होती.

त्या जानकाबाईंकडे वळल्या. "बिनकांद्याची थोडी खिचडी होईल? माझ्यापुरती. मी इथंच बसून खाते."

जानकाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "व्हईल की," एवढंच म्हणाल्या आणि लहान पातेलं घासून चुलीवर चढवलं. डाळ-तांदूळ शिजू लागले. लिंबाखालची पोरं डबे तसेच ठेवून बघत होती. दोन-चार आयाही फाटकाशी येऊन थांबल्या.

लहान पातेलं मोठ्याशेजारी उतरलं, तसे गेणभाऊ पुढं झाले.

"ह्ये बेस झालं! मॅडमनीच वाट काढली. त्यांचं येगळं पातेलं, तसं गावच्या पोरांचंबी येगळं करू. लंकाबाई त्येवढं शिजवंल. जानकाबाईंनी त्यांच्या वस्तीच्या पोरांचं करावं. कुनाचं काम जात न्हाई, कुनाचं मन मोडत न्हाई."

"तोडगा बरा आहे, मॅडम," गुरुजी सुटकेच्या सुरात म्हणाले.

"लई बरा," जानकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी ह्याच शाळंत व्हते गुरुजी. आमाला माठाला हात लावू देत नव्हते, वरनं वताय लागायचं पानी. आता भातबी वरनं वाढा म्हंजे झालं."

"जानके, उगा जुनं उकरू नगं," गेणभाऊ म्हणाले.

"जुनं? आत्ताच तर म्हनला तुमी."

चेतनाबाई दोन्ही पातेल्यांकडे पाहत होत्या. दुसरं पातेलं गावानं मांडलं नव्हतं. ते त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं.

त्यांना सासूबाई आठवल्या. घरी चातुर्मास चालू होता. नारायणगावच्या पेढीमागच्या स्वयंपाकघरात रुक्मिणीबाई सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नसत. मोठ्या पातेल्यातलं खाल्लं तर आज घरी जाऊन त्यांना सांगावं लागणार होतं, आणि रुक्मिणीबाई ओरडणार नव्हत्या, नुसत्या गप्प होणार होत्या. चेतनाबाईंच्याही जिभेला आयुष्यात कांदा लागला नव्हता. हे व्रत त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं, त्यांचं ते आवडतं होतं. शेरा नाकारून निघून जाता आलं असतं. पण उद्याही पोरं लिंबाखालीच बसली असती.

त्यांनी पदरानं लहान पातेलं धरून उचललं आणि मोठ्यात उपडं केलं.

"अहो मॅडम!" गुरुजी पुढं सरसावले.

"ढवळा, जानकाबाई," चेतनाबाई म्हणाल्या. "आणि मला वाढा."

त्या व्हरांड्यात पोरांच्या रांगेत मांडी घालून बसल्या. ताटलीत पिवळी खिचडी पडली, तिच्यात कांद्याचा एक पारदर्शक तुकडा. त्यांनी घास घेतला. तो उग्र, अनोळखी वास घशापर्यंत गेला, डोळ्यांत पाणी आलं. शेजारची पोरगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. बाईंनी घास गिळला. दुसरा घेतला.

"शेरा मिळणार नाही, गेणभाऊ. एक चूल, एक पातेलं, जानकाबाईच शिजवणार. आणि गुरुजी, उद्यापासून आधी तुम्ही जेवायचं, पोरांच्या पंगतीत."

गेणभाऊंचा चेहरा उतरला. "बाई, गावाशी वाकडं घेऊ नका," ते हळू म्हणाले आणि मोनालीचा हात धरून फाटकाकडे निघाले. ती वळून वळून व्हरांड्याकडे बघत होती. मागून आयांनी आपापली पोरं हाकारली. लिंबाखालून तीन पोरं मात्र उठली आणि ताटल्या शोधत व्हरांड्यात आली. तीनच.

जानकाबाईंनी त्यांना वाढलं आणि पळी घेऊन चेतनाबाईंपुढं आल्या. "दोन वर्सं झाली बाई. बिनकांद्याची व्हईल का, येकदा इचारायचं व्हतं की." त्यांनी पळी पुढं केली. "आनखी घालू?"

"घाला," चेतनाबाई म्हणाल्या.

ताटली रिकामी होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. आळेफाट्याकडच्या शाळा, पलीकडच्या वाड्यांवरच्या शाळा, एकेक त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होती. त्या प्रत्येक शाळेत त्यांनी हात जोडून नको म्हटलं होतं. तिथं पंगती कशा बसतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.