एक्केचाळीस नंबर अगदी वेळेवर

मिनिटरावांनी खाडाखोड करून पुन्हा पहिल्यापासून लिहायला सांगितलं, तेव्हा काकूंना वाटलं, ही पेन्सिल खिडकीतून भिरकावून द्यावी आणि तिच्यामागोमाग कागदही.

"लिही," मिनिटराव म्हणाले. "आठ दहा. एक्केचाळीस नंबर. कोपऱ्यावरून."

काकूंनी लिहिलं. हात मुकाट्याने लिहीत होता आणि जीव आतल्या आत चरफडत होता. कारण एक्केचाळीस नंबर कोपऱ्यावरून सुटणारच नव्हती. आठ दहाला नाही, आठ वीसला नाही, कधीच नाही. ती गाडी बंद होऊन तीन वर्षं झाली होती. साऱ्या शहराला हे ठाऊक होतं, फक्त एका मिनिटरावांना सोडून.

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत वेळापत्रकं आखायच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. "साहेब, चहाला चला" म्हटलं की "किती मिनिटांसाठी?" असं विचारायचे, म्हणून ड्रायव्हरांनी हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. चार वर्षांपूर्वी झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ आणि वेळापत्रक तेवढं देवाने शाबूत ठेवलं. दिवसा त्यांच्याजवळ नर्सताई असायची. घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि त्यांच्या पलंगाशेजारची खिडकी मागच्या बोळात उघडणारी. बोळात मांजरं आणि वाळत घातलेले कपडे. बस दिसायचा प्रश्नच नव्हता.

एक्केचाळीस म्हणजे त्यांचं लाडकं लेकरू. इस्पितळाची रात्रपाळी सुटली की सहा मिनिटांत मिळणारी, शाळेच्या घंटेआधी नऊ मिनिटं पोचवणारी गाडी. ती आखायला त्यांना दोन वर्षं लागली होती. दर सोमवारी दहाच्या ठोक्याला ते डेपोत फोन लावायचे. त्यांच्या हाताखालचा कारकून आता स्वतः साहेब झाला होता. "काय रे, एक्केचाळीस कशी चाललीय?" "अगदी वेळेवर, साहेब!" मग दिवसभर मिनिटरावांना जेवण गोड लागायचं.

गाडी बंद झाली तेव्हा नवऱ्याला झटका येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत काकू थांबल्या. खोटं बोलायचं नाही हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम होता आणि तो त्यांनी मोडला नव्हता. पण गप्प बसायला नेमात मनाई नव्हती. त्या गप्प बसल्या. तीन वर्षं.

आणि आता ते गप्प बसणंच त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

गोष्ट होती किल्ल्याची. निम्म्या दुकानांच्या कॅलेंडरवर ज्याचं चित्र असतं, तो टेकडीवरचा किल्ला. समुद्र ओलांडून माणसं तो बघायला येतात, आणि काकूंनी मात्र इतकी वर्षं दोन तासांच्या अंतरावर राहून तो फक्त साबणाच्या वेष्टणावर पाहिलेला. त्यांना बुरूज बघायचे नव्हते की तोफाही. त्यांना एक पलंगपोस बघायचा होता. कुण्या राणीने कैदेत असताना नऊ वर्षं भरलेला. शंभर वर्षांपूर्वी तो मधोमध फाटला, आणि कुणीतरी त्याला असं रफू केलं की वरून पाहणाऱ्याला फाटलं कुठे ते सापडत नाही. वर्तमानपत्रात आलं होतं, या महिन्यात पहिल्यांदाच त्याची उलट बाजू दाखवणार, रोज दुपारी तीन वाजता, अर्धा तास. येत्या शनिवारी शेवटचा दिवस. मग तो दहा वर्षांसाठी अंधारात, पेटीत.

काकू स्वतः रफू करायच्या. कोट, शाली, गालिचे. शहरातले दोन मोठे धुलाईवाले कपडे फाटले की गुपचूप त्यांच्याकडे पाठवायचे. रफूची सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी असते, हाताची ओळख मिळते ती उलट बाजूला. तो हात त्यांना बघायचा होता. त्या त्रेसष्टच्या होत्या. दहा वर्षांनी किल्ला तिथेच असेल, त्याला कुठे जायचंय? पण त्यांच्या डोळ्यांचा भरवसा कुणी द्यावा?

"आठ बेचाळीसला स्टेशन," मिनिटराव पुढे सांगत होते. डोळे मिटलेले, डावं बोट पांघरुणावर ताल धरल्यासारखं. "नऊ पाचची आगगाडी. दहा वीसला पायथ्याचं गाव. टेकडीची बस अकरा तीस. बारा दहाला तू किल्ल्यात."

"आणि परत?"

"नर्सताई सहाला जाणार. म्हणजे सहाच्या आत घरी. त्यासाठी वरून दोनची बस धरावी लागेल."

"अहो, पण पलंगपोस तीनला दाखवतात."

"दोननंतर चारची आहे. चारच्या बसने तू घरी येणार सात दहाला. नर्सताईचं पोरगं पाळणाघरात, ते साडेसहाला बंद. तिला थांब म्हणता येत नाही. आणि परका माणूस मला इथे चालायचा नाही." बोट थांबलं. डोळे उघडले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याच्यामागे गणित तपासून झाल्याचं समाधानही होतं. "नाही बसत गं. पलंगपोस सोडून सगळं बसतं. नको जाऊस."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली.

तीन रात्री हेच चाललं होतं. आधी सातची आगगाडी, मग नदीकाठची बस, मग अमुक फाट्यावर उतरून तमुक गाडी. त्यातल्या निम्म्या गाड्या मोडीत निघालेल्या. आणि बाजारातून थेट किल्ल्यावर जाणारी बस काकूंना आठवड्यातून दोनदा समोरून दिसायची, कपाळावर मोठ्ठी पाटी लावून. नुसतं तिच्यात जाऊन बसायचं. पण परत आल्यावर हा माणूस प्रत्येक मिनिटाचा हिशेब विचारणार. एक्केचाळीसला गर्दी होती का? कुठला ड्रायव्हर होता? तिथे गप्प बसून भागणार नव्हतं. तिथे खोटंच बोलावं लागलं असतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "एक्केचाळीस बंद झालीय."

"कुठे? रस्ता खणलाय?"

"रस्त्याला काही झालेलं नाही. गाडीच बंद झाली. कायमची. तीन वर्षं झाली."

ते हसले. "काहीतरीच. सोमवारीच बोललो मी. अगदी वेळेवर आहे म्हणाला."

"तो तुमचं मन राखतो."

हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. ते म्हणाले, "आणि तू?"

"मी काही बोलले नाही."

"तेच तर विचारतोय."

काकूंचा आवाज उभ्या जन्मात शेजारच्या खोलीत गेला नव्हता. तो त्या रात्री गेला. "मग काय करायला हवं होतं? हात गेला, पाय गेला, आणि वर मी येऊन सांगायचं की तुमची गाडीही गेली?"

"हो," मिनिटराव म्हणाले. "सांगायचं."

मग त्यांनी छताकडे बघत हिशेब केला. "एकशे छप्पन्न सोमवार. एकशे छप्पन्न वेळा मी त्यांची करमणूक केली."

काकूंना रडू आलं नाही, राग आला. आता एवढं फुटलंच आहे तर होऊन जाऊ दे, म्हणून त्यांनी रफूच्या चिंध्यांखाली लपवलेलं डेपोचं नवं वेळापत्रक बाहेर काढलं आणि दिव्याखाली धरलं. बाजार ते किल्ला, थेट. सुटणार आठ तीस, पोचणार दहा दहा. परतीची पहिली दुपारी तीन दहा. दुसरी सहा वाजता.

त्यांनी पुन्हा वाचलं. तीन दहा आणि सहा. पलंगपोस तीनला उलटा करणार, आणि दालनातून खाली बसपर्यंत यायलाच पंचवीस मिनिटं. सहाची धरली तर घरी पावणेआठ.

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. नवऱ्याचं मन मोडलं आणि पलंगपोसही नाही.

"काय म्हणतंय तुझं पुस्तक?" मिनिटरावांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"नाही बसत," काकू म्हणाल्या.

"दिवा घालव."

दुसऱ्या दिवशी मिनिटराव बायकोशी बोलले नाहीत. बोलायचं ते नर्सताईमार्फत.

"नर्सताई, या घरात चहात साखर घालायची पद्धत बंद झाली का, तेवढं विचार. तीन वर्षं झाली असली तरी चालेल, मला आता सवय आहे."

"काका, काकू इथेच उभ्या आहेत की!"

"असतील. मला कुणी काही सांगत नाही."

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि डबा नको इतक्या जोरात आपटला. दुपारी एका काळ्या कोटाला रफू करताना सुई दोनदा बोटात गेली. आपलं चुकलं हे त्यांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच सगळ्या जगाचा राग येत होता. कारकुनाचा, डेपोचा, स्वतःचा, आणि सगळ्यात जास्त त्या किल्लेवाल्यांचा. राणी मरून तीनशे वर्षं झाली, तिचा पलंगपोस दोन वाजता उलटा केला असता तर काय तिने उठून विचारलं असतं? दिवेलागणीला त्या रोजच्यासारख्या हात जोडून उभ्या राहिल्या. मागायला तोंड नव्हतं, म्हणून काही मागितलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

शुक्रवारी दुपारी कोट धुलाईवाल्याकडे पोचवून त्या परत आल्या तर शिवणाच्या पेटीवर ठेवलेलं वेळापत्रक जागेवर नव्हतं. ते मिनिटरावांच्या छातीवर उघडं होतं, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नर्सताई एका हाताने पान धरून उभी.

"दोन तास झाले, काकू," ती वैतागून म्हणाली. "रक्तदाब बघू देईनात. चहा गार. नुसतं पान उलट, पान उलट."

"तुझ्याशी मी बोलत नाहीये," मिनिटराव बायकोला म्हणाले. "हे फक्त गाड्यांपुरतं आहे."

"बरं."

"गाढवांनी केलंय. इस्पितळाच्या पाळीला एक गाडी जुळत नाही. बाया अर्धा अर्धा तास उभ्या राहत असतील." मग जरा वेळाने, मनाविरुद्ध, "किल्ल्याची गाडी मात्र कुणीतरी बरी आखलीय. घाटात चार मिनिटं जास्त धरलीत. तेवढी लागतातच." त्यांनी डावं बोट पानाच्या तळाशी टेकवलं. "इथे वाच. चांदणी आहे."

काकूंनी वाकून पाहिलं. मुंगीच्या पावलाएवढी अक्षरं. शनिवारी जादा गाडी, किल्ल्यावरून चार चाळीस.

"तीनला पलंगपोस," मिनिटराव म्हणाले. "साडेतीनपर्यंत काय बघायचं ते पोटभर बघ. पंचवीस मिनिटं उतरायला. तरी चाळीसच्या वर हातात उरतात. सहा वीसला बाजार, साडेसहाला तू दारात."

काकूंनी चांदणीवर बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. "पण ताई सहाला जाते."

"मला गणित येतं."

"मग सहा ते साडेसहा?"

"तीस मिनिटं मी एकटा राहीन."

चार वर्षांत त्यांना दहा मिनिटंही कुणी एकटं ठेवलं नव्हतं. मागच्या वेळी एकटे होते तेव्हाच झटका आला होता. काकू भाजी आणायला गेल्या होत्या.

"आणि काही झालं म्हणजे?"

"व्हायचं ते तू समोर बसलीस तरी होईल. तू काय डॉक्टर आहेस? रफू करतेस."

नर्सताईला हसू आलं, ते तिने खोकल्यात लपवलं. "फोन उशाशी ठेवून जाईन, काकू. खालच्या दुकानदारालाही सांगून ठेवते, आवाज आला तर वर धाव म्हणून."

"कुणाला काही सांगायचं नाही," मिनिटराव गरजले. मग आवाज उतरला. "बरं, सांग. सांगून ठेवलेलं बरं असतं."

ते वाक्य काकूंना बरोबर लागायचं तिथे लागलं. त्यांनी पेन्सिल घेतली, नवा कागद घेतला आणि लिहायला बसल्या. सहा वाजता पाण्याचा ग्लास डाव्या हाताला. सहा पाच, खिडकी बंद नको. सहा दहा...

"ते काय लिहितेस?"

"तुमच्या तीस मिनिटांचं."

"माझं वेळापत्रक तू आखायचं नाहीस!" ते इतक्या जोरात म्हणाले की बोळातलं मांजर पळालं. "मी नुसता पडून राहीन. मला येतं ते."

काकूंनी कागद चुरगळला. उद्याचे कपडे काढायला कपाटापाशी गेल्या, तरी पाठीवर त्यांचा आवाज आलाच.

"मी अजून रागावलेलोच आहे. गाडीचं जमलं म्हणून माझा राग मिटला असं समजू नकोस."

"मी कुठे म्हटलं मिटला?"

"उद्या आलीस की भांडायचंय मला. नीट. माझं बरंच बोलायचं राहिलंय."

"माझंही राहिलंय," काकू कपाटात तोंड घालून म्हणाल्या. "भांडू. पण मला आधी चपला काढू द्या."

"सहा बत्तीस," मिनिटराव म्हणाले.