चुड्यात अडकलेला मासा

आमच्या मालवणात मासा म्हटला की माणसं हातातलं काम टाकून उठतात, पण एक मासा असा आहे की त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नाही. जाळ्यात आला तर दोन शिव्या घालून परत पाण्यात फेकतात. कातडं वहाणेच्या कातड्यासारखं, सुरी लागायची नाही. दात असे की जाळ्याचा दोरा कुरतडून मोकळा होतो. बाहेर खोल पाण्यात त्याचे निळेकाळे भाऊबंद थव्याने फिरतात, त्यांचे दात तर तांबडे, विडा खाल्ल्यासारखे. खडकांत राहतो तो वेगळा. तपकिरी अंगाचा, आणि ओठाखालून गालाकडे गेलेली एक पिवळी रेघ. मला विचाराल तर त्याच्याइतका देखणा मासा या बंदरात दुसरा नाही. पण मला विचारतं कोण?

मी मूळची पिंगुळीची. वडील शाळामास्तर. समुद्र मी लग्नाआधी एकदाच पाहिला होता, तोही दुरून. लग्न झालं ते मालवणात, गलबतवाल्यांच्या घरात. घरात माणसं तीनच. माझे यजमान हरिश्चंद्र, मी, आणि सासूबाई, मथुराबाई. त्यांना सगळे आये म्हणत, मीही म्हणू लागले. आयेचे यजमान गलबतावरच वारलेले, त्यालाही बरीच वर्षं झालेली. हरिश्चंद्र त्यांचा एकुलता एक.

आये आणि मी म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. माझा आवाज चढा, त्यांचा माझ्याहून चढा. मी आमटीत मीठ घातलं की त्या पाणी घालायच्या, त्यांनी पाणी घातलं की मी ताट सरकवायची. शेजारची पिएदाद म्हणायची, "तुमची दोगांची भांडणां आयकून माज्या कोंबड्यो अंडी घालूक विसरतत." पिएदादचं माहेर गोव्यातलं. तेव्हा गोवा फिरंग्यांकडे होता आणि तिकडची वाट बंद होती, तिला कित्येक वर्षं माहेरी जाता आलं नव्हतं, म्हणून ती आमच्या घरालाच माहेर समजायची. दोघींचं ऐकून घ्यायची आणि कोणाचीच बाजू घ्यायची नाही. अशी शेजारीण मिळायला भाग्य लागतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात यजमान नारळ आणि कोकमाची सोलं भरून रत्नागिरीकडे गेले. माझा हिरवा चुडा अजून कोपरापर्यंत भरलेला. कासाराने हात दाबून दाबून असा घट्ट भरला होता की एकही काकण इकडचं तिकडे होत नव्हतं. निघताना ते आयेच्या पाया पडले, माझ्याकडे बघून हसले आणि गेले. गलबत दिसेनासं झाल्यावर आये मला म्हणाल्या, "काकणां सांभाळ गो. घोव दर्यार आसताना काकण फुटाचा नसता." या गोष्टीवर मात्र आमचं भांडण झालं नाही. भांडी घासताना मी हात असा धरू लागले की जणू हातच काचेचा आहे.

एका दुपारी मोठी सुकती लागली. सुकती म्हणजे ओहोटी, पण मोठ्या सुकतीला बंदराजवळचे एरवी न दिसणारे खडकसुद्धा उघडे पडतात. आये, पिएदाद आणि मी टोपल्या घेऊन कालवं काढायला गेलो. त्या दोघींची हत्यारं खडकावर टकटक चालली होती. एक ठोका, टरफल उघडं, बोटाने मांस वाटीत. माझ्या एका कालवाला दहा ठोके लागायचे आणि अर्धं मांस टरफलाच्या चुऱ्यात जायचं. आये बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हवांदे. तू बस आणि दर्या बघ. मास्तराचा चेडू तू, बघण्यात हुशार."

मला राग आला. पण मी खरंच बघत बसले.

खडकात एक डबकं राहिलं होतं, आणि त्यात तो पिवळ्या रेघेचा मासा अडकला होता. मी इतकं शहाणं जनावर पाण्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे पार डोक्यावर, आणि एक डोळा माझ्याकडे तर दुसरा भलतीकडेच. तळाला एक काळा काटेरी गोळा बसला होता. माशाने त्याच्यासमोर तोंड नेलं आणि फुंकर मारली. पाण्यात पाण्याची फुंकर! गोळा हलला. पुन्हा फुंकर. चार-पाच फुंकरांत गोळा उलटा झाला, आणि खालच्या बाजूला, जिथे काटे आखूड असतात, तिथे माशाने चावा घेतला. पिंगुळीला आमच्या शेजारी चित्रं रंगवणारी माणसं होती, त्यांनीसुद्धा अशी रेघ गालावर काढली नसती.

"आये, ह्यो बघा मासो!" मी ओरडले.

"तो कामाचो नाय," त्या वर न बघता म्हणाल्या. "त्याका हात लावू नको. अंडी घातल्यान की माणसाच्या पायाक चावता तो."

कामाचा नाही, आणि मीही कामाची नाही. त्या क्षणी मला वाटलं, हा मासा मी पकडणारच. कातडं कसंही असो, मी तो शिजवीन आणि आयेच्याच ताटात वाढीन. मी पदर खोचला आणि डबक्यात उतरले. मासा सर्रकन एका कपारीत शिरला. मी गुडघ्यांवर ओणवी होऊन उजवा हात कपारीत घातला, कोपराच्या वरपर्यंत. बोटांना त्याचं खरखरीत अंग लागलं. मी धरायला गेले, तो निसटून माझ्या मनगटाखाली आला, आणि खटकन काहीतरी उभं राहिलं.

या माशाच्या पाठीवर काटा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. एरवी तो पाठीत मिटलेला असतो. जिवाला धोका वाटला की कपारीत शिरून मासा तो उभा करतो आणि छताला रोवून घट्ट बसतो. माझ्या नशिबाने तो काटा मनगटाच्या कडेने माझ्या काकणांच्या मधूनच वर गेला आणि खडकाला रुतला. हात पुढे जाईना, मागे येईना. मासा आतून घुर्र घुर्र करत होता, डुकराच्या पिलासारखा.

आधी मी गप्प राहिले. आयेना काय सांगणार? ओढलं की काकणं कचकचत. मग पाणी माझ्या पोटाला गार लागलं. भरती सुरू झाली होती, आणि डबकं इतर खडकांच्या आधी भरतं. मग मात्र मी अशी किंचाळले की पिएदादची वाटी हातातून पडली.

दोघी धावत आल्या. पिएदादने माझा खांदा धरून ओढायला सुरुवात केली.

"ओढू नको!" आये ओरडल्या. "ओढलंस तर तो आणखी ताठता. त्या काट्याच्या मागे एक बारको काटो आसता. तो दाबलो की मोठो आपसूक पडता." आणि त्या माझ्या शेजारी पाण्यात ओणव्या झाल्या. त्यांचा सडपातळ हात माझ्या हाताच्या वरून कपारीत शिरला. त्यांची बोटं मनगटावर चाचपडताना मला कळत होती. माशाने त्यांना कडकडून चावलं. त्यांच्या तोंडून शिवी आली, हात मात्र मागे आला नाही.

"गावलो काय?" पिएदादने विचारलं.

"बारको काटो काकणांच्या खाली आसा," आये म्हणाल्या. "बोट पोचणा नाय. काकणां आड येतत."

 पाणी माझ्या छातीला लागलं होतं. पिएदादने तोंडावर हात ठेवला. पिएदाद ख्रिस्ती, पण त्यांच्यातही नवरीला चुडा भरतात आणि त्यांच्यातही तो कधी फोडतात हे तिला ठाऊक होतं.

"फोडू नकात!" मी म्हणाले. "आये, फोडू नकात! ते दर्यार आसत! मी ओढून बघतंय."

आणि मी खरंच ओढलं. कातडं सोलवटलं, काटा हलला नाही. लाट आली ती माझ्या हनुवटीवरून गेली. खारं पाणी नाकात गेलं, ठसका लागला, आणि तरीही मी नको नको म्हणत होते. आज मला माझंच हसू येतं. पण तेव्हा मला बुडण्याची भीती त्या काकणांपेक्षा कमी वाटत होती, हे अगदी खरं आहे. आमच्याकडच्या कुठल्याही नवरीला विचारा.

आयेनी मान वर केली. एकदा समुद्राकडे पाहिलं, जिकडे गलबत गेलं होतं तिकडे. मग त्यांनी कालवं फोडायचं लोखंडी हत्यार उचललं आणि मोठ्याने, जत्रेत देवळासमोर मानकरी घालतो तसं, गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! बारा-पाचाच्या म्हाराजा! ह्या चेडवाची काकणां मी फोडतंय, ता फोडणा नाय. ह्येका बोल लावू नको. माज्या झिलाक बोल लावू नको. काय दोष आसात तो माज्या माथ्यार घे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कोणीतरी होकार द्यावा लागतो, नाहीतर ते पुरं होत नाही. खडकांवर आम्हा तिघींशिवाय कोणी नव्हतं. पिएदादने आधी छातीवर क्रूस केला आणि मग तिच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

आयेनी हत्यार कपारीत घातलं. काच फुटल्याचा आवाज पाण्याखाली अगदी बारीक येतो. एक, मग पुढचं, मग सगळीच. माझ्या हाताला काच लागत होती, त्यांच्या हाताला माझ्याहून जास्त. मग त्यांचं बोट पुढे गेलं, त्या लहान काट्यावर दाबलं गेलं, आणि तो मोठा काटा, ज्याला दोन बायका हलवू शकल्या नव्हत्या, मुकाट्याने आडवा झाला. हात सुटला. पिएदादने माझ्या वेणीला धरून मला वर घेतलं.

मासा कपारीतून बाहेर आला, एक डोळा आमच्याकडे लावून क्षणभर थांबला आणि भरतीच्या पाण्याबरोबर निघून गेला. मी त्याच्यावर दगड उगारला. आयेनी माझा हात धरला. "जावंदे त्याका," त्या म्हणाल्या. "त्याणी आपलो जीव राखल्यान. तूय ऱ्हवलंस, तोय ऱ्हवलो."

घरी आल्यावर त्यांनी माझ्या मनगटाला हळदीचा दोरा बांधला आणि कासाराला निरोप धाडला. स्वतः मात्र काकणं भरताना आत थांबल्या, माझ्याजवळ सवाष्ण म्हणून पिएदादला बसवलं. चावलेल्या बोटावर चिंधी गुंडाळलेली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी बंदरावर जाऊ लागल्या. रात्रीचं जेवण त्यांनी सोडलं. आमटीतल्या मिठावरून त्या दिवसांत एकदाही भांडण झालं नाही. मला ते भांडण हवं होतं. यायचा दिवस उलटला, गलबत आलं नाही. विहिरीवर बायका माझ्या नव्या काकणांकडे बघून बोलणं थांबवायच्या.

आणि मग एका सकाळी आये बंदरावरून धावत आल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मागून हरिश्चंद्र, काळवंडलेले, दाढी वाढलेले, चांगले धडधाकट. विजयदुर्गाच्या अलीकडे वारा पडला होता, म्हणून पडून राहिले होते, एवढंच. मी देवासमोर डोकं टेकलं ते उचलेचना. रात्री जेवताना यजमानांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "चुडो नवो दिसता. पयली काकणां खंय गेली?"

"माशान न्हेली," आये म्हणाल्या, आणि मुलाबरोबर त्यांनीही पानात भात वाढून घेतला. मी आमटी वाढली. एक घास घेऊन त्या म्हणाल्या, "खारट." माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पुढे गोवा मोकळा झाला. पिएदाद इतक्या वर्षांनी माहेरी निघाली, तेव्हा तिला बरोबर द्यायला आये आणि मी अंगणात कालवं सोलत बसलो होतो. तोवर मलाही एका ठोक्यात टरफल उघडता येऊ लागलं होतं. बोलता बोलता मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं.

"आये, तुमचो एकच झील. तो दर्यार आसताना तुमका काकणां फोडूक धीर झालो कसो? भिया नाय दिसला?"

"दिसला मगे!" त्या म्हणाल्या. "हात लटलटत होतो. तुका काच लागली ती कशी?"

त्यांनी आणखी दोन-तीन टरफलं उघडली.

"ह्येंचा गलबत बुडला त्या दिसा माज्या हातातली सगळी काकणां धड होती," त्या म्हणाल्या. "एकाक साधो तडो नव्हतो. झील दर्याच्या हातात होतो, बाये. तुजो हात माज्या हातात होतो."

मग माझ्या वाटीत डोकावून म्हणाल्या, "चुरो काढ त्यातलो. पिएदादच्या माणसांच्या दातात येतलो."

मी वाटी पुढे ओढली आणि एकेक कण वेचून काढला.