बॅटरी कोण खातंय

आसुआ गावात गाडीच्या विजेतलं कळणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे आपण, याबद्दल, गाव जिला आदराने डोन्या म्हणायचं त्या एल्पिडियाला तिळमात्र शंका नव्हती. बाकीचे मेकॅनिक म्हणजे सुटे भाग बदलणारे हमाल. गाडी सुरू झाली नाही की बॅटरी बदल, तरी अडली की अल्टरनेटर बदल, आणि तरीही अडलीच की हात वर. त्यातला सगळ्यात नतद्रष्ट विल्किन. सहा वर्षं तिच्याच हाताखाली शिकला आणि मग टॅक्सीतळावर, ऐन ड्रायव्हरांच्या नाकासमोर, स्वतःची पत्र्याची टपरी टाकून बसला.

आज ती टपरी उठणार होती. दोन महिन्यांपूर्वी विल्किनने टॅक्सीवाल्या राडामेसच्या कोरोलाला चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर बसवला होता, आणि थोड्याच दिवसांत गाडी रोज सकाळी मेलेली सापडायला लागली. चार जणांनी ढकलल्याशिवाय हलायची नाही. "विल्किनने भंगार गळ्यात मारलं!" म्हणून राडामेसने तळ डोक्यावर घेतला. शेवटी ड्रायव्हरांनी ठरवलं की डोन्या एल्पिडिया गाडी तपासेल, आणि तिने अल्टरनेटर वाईट म्हटला की टपरी उचलायची. बायको, दोन मुली आणि ती टपरी, एवढाच विल्किनचा संसार. एल्पिडियाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलट सकाळी तिने मुद्दाम इस्त्रीचा झगा घातला होता.

मात्र रात्र वाईट गेली होती. आसुआत वीज रोज रात्री जाते, तरी गेले दोन महिने तिच्या खाटेवरचा बॅटरीवर चालणारा छोटा पंखा फिरत होता. नवऱ्याने, ओविदिओने, शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून वायर ओढून आणली होती. बेसबॉल ऐकत लोळण्यापलीकडे त्या माणसाने आयुष्यात केलेलं हे पहिलं उपयोगाचं काम. काल नेमका पंखा बंद. "शेजाऱ्याचं मशीन बिघडलंय," एवढं बोलून ओविदिओ घोरायला लागला होता. डासांनी एल्पिडियाला फोडून काढलं होतं.

तळावर सगळे जमलेच होते. राडामेसची बॅटरी तिने काल दिवसभर चार्जिंगला लावून रात्री वर्कशॉपमध्ये कुलपात ठेवली होती. ती आता तिने ढकलत तळावर आणलेल्या गाडीत बसवली.

"मागे हो," ती राडामेसला म्हणाली. "तुझ्या घामाने गंज चढेल."

मीटर लावला. बारा पूर्णांक सहा व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. स्टार्टर मारला तेव्हाही काटा फारसा खाली गेला नाही. इंजिन चालू झाल्यावर तिने दिवे लावायला सांगितले, ब्लोअर लावायला सांगितला आणि ओठ मुडपून मीटर पाहिला. चौदाच्या वर. अल्टरनेटर चोख होता. तिने मीटर झटकला, पुन्हा लावला. पुन्हा चौदा.

विल्किन हाताची घडी घालून टपरीला टेकला होता.

"बाई, किती दाखवतोय?"

"तू गप रे. एकदा काम बरं झालं म्हणून लगेच नाचू नकोस."

मग तिने इंजिन बंद करून करंट कुठे गळतोय का ते पाहिलं. गळत नव्हता. घड्याळाला लागतो तेवढाच जात होता.

"मग बॅटरी खातंय कोण? भूत?" राडामेस म्हणाला.

"तूच. रात्री आतला दिवा चालू ठेवून जात असशील. अक्कल होती कधी तुला?"

"आईशप्पथ नाही हो डोन्या! रात्री गाडी लावतो, सगळं बंद करतो आणि चालत घरी जातो."

टर्मिनल परत घट्ट करायला ती वाकली आणि थबकली. शिशाच्या दोन्ही टोकांवर वायर जोडायच्या चिमट्याचे दात रुतलेले होते. ताजे, चकचकीत, एकावर एक. आणि एका टोकावरच्या प्रत्येक चाव्याच्या मधोमध दोन दातांची जागा कोरी होती.

तो बोळका चिमटा एल्पिडियाच्याच भंगाराच्या पेटीतला होता. राडामेसची गाडी रात्री चोरांच्या भीतीने उभी असायची ती एल्पिडियाच्याच अंगणात, तिच्याच खिडकीखाली. आणि काल रात्री बॅटरी कुलपात होती, तर पंखा फिरला नव्हता.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"बोला ना डोन्या," कोणीतरी ओरडलं. "उचलायची ना टपरी?" दोन उतावळ्यांनी पत्र्याला हात घातलासुद्धा. चौदा म्हणजे काय आणि चार म्हणजे काय, हे त्या बैलांना कळत नव्हतं. अल्टरनेटर खराब आहे एवढं ती म्हणाली असती तर काम फत्ते होतं. तिने विल्किनकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. बाई खोटं बोलणार हे त्याने धरूनच चाललंय, असं तिला वाटलं, आणि तिचा पारा चढला. हा कोण मला जोखणारा?

"हात काढा त्या पत्र्यावरचा, गाढवांनो!" ती कडाडली. "अल्टरनेटर सोन्यासारखा आहे. चोर माझ्या घरात आहे. माझा तो ऐतोबा नवरा रोज रात्री या बॅटरीला चिमटे लावून पंखा चालवतोय. आणि वारा कोण खात होतं? मी! दिसेल त्या वायरला तू कुठून आलीस म्हणून विचारते, आणि डोक्यावरच्या पंख्याला विचारलं नाही. गार वाटत होतं ना!"

तळ खो-खो हसला. राडामेस तर बोनेटवर आडवा झाला. एल्पिडिया मान ताठ ठेवून मीटरच्या वायरी गुंडाळू लागली, पण त्या नीट गुंडाळल्या जाईनात.

विल्किन हसला नाही. जवळ येऊन त्याने वायरी तिच्या हातातून घेतल्या आणि तिनेच शिकवल्याप्रमाणे आठाच्या आकारात गुंडाळल्या.

"बोनेट उघडायच्या आधी काय विचारायचं, शिकवलं होतंत ना बाई?"

"गाडी रात्री कुठे असते," ती पुटपुटली.

"मी विचारलं होतं राडामेसला, पहिल्याच आठवड्यात." त्याने मीटर तिच्या हातात ठेवला. "तुमच्या अंगणात, म्हणाला. मग म्हटलं, तिथं बाईंच्या नजरेसमोर काय होणार. मी पुढं शोधलंच नाही."